तिसऱ्या तासाला दुखणारं पोट

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेली. आणि आत्या तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतली नाही. उलट तिला बोलतं करायला मला दोन वर्षं लागली.

भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. शाळेची नर्स होण्याआधी बारा वर्षं ती हॉस्पिटलात कामाला होती. रात्रपाळीत शवागाराची किल्ली आणायला एकटी जायची आणि येताना गाणं गुणगुणत यायची. कुणी म्हणालं की अमक्या वॉर्डात काहीतरी दिसतं, तर ही म्हणायची, "आधी चष्म्याचा नंबर तपासून घे."

म्हणून तर मला भीती वाटते. घाबरट माणसाने सांगितली असती तर मीही हसण्यावारी नेली असती.

या गोष्टीत रात्र नाही. अंधार नाही. सगळं लख्ख उजेडात घडलंय.

मंगळवार होता. सकाळचे दहा वीस. शाळेचा तिसरा तास नुकताच सुरू झाला होता.

आत्याची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. दारावर 'प्रथमोपचार' अशी पाटी. आत एक टेबल, औषधांचं लोखंडी कपाट, वजनकाटा, खिडकीशी एक कॉट. आणि भिंतीकडे, हिरव्या पडद्यामागे, दुसरी कॉट.

ही दुसरी कॉट जुनी होती. कितीतरी वर्षं अडगळीत पडलेली. नवीन कॉटचा पाय मोडला म्हणून सुट्टीत ती धुऊनपुसून पुन्हा आणली. तिच्या स्प्रिंगा कुरकुरायच्या. म्हणून आत्या मुलांना खिडकीच्या कॉटवरच झोपवायची.

त्या मंगळवारी आत्या टेबलाशी बसून बँडेजच्या गुंडाळ्या करत होती. खोलीत कुणी नव्हतं.

आणि पडद्यामागून आवाज आला...

कर्र...

कुणीतरी अलगद कॉटवर बसावं तसा. मग पुन्हा एकदा, जरा लांब. कुणीतरी आडवं झालं.

"मावशी, पुन्हा ताणून दिलीत का?" आत्याने मान वर न करता विचारलं. शाळेत झाडलोट करणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळी शाळा मावशी म्हणायची. दुपारी त्या कधीकधी तिथे पाठ टेकायच्या.



आत्याने उठून पडदा सारला. कॉटवर कुणी नव्हतं.

पण चादरीत खळगा होता...

लहानसा. कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन, डाव्या कुशीवर झोपल्यासारखा. आत्याने सवयीने चादर सारखी केली. करताना तिचा तळवा त्या जागेवर टेकला.

जागा कोमट होती.

तिने खिडकीबाहेर पाहिलं, मांजर शोधलं. नंतर मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी झोपले तर खळगा नाही पडणार, कॉट बसेल."

दोघी हसल्या. विषय संपला.

बुधवारी दहा वीसला पुन्हा... कर्र.

गुरुवारी पुन्हा.

बरोबर चाळीस मिनिटं खळगा राहायचा. अकराला तास संपल्याची घंटा झाली की स्प्रिंगा एकदा वाजायच्या आणि चादर थंड पडायची. आत्याने चक्क घड्याळ लावून नोंद ठेवली. घाबरायच्या ऐवजी नोंद ठेवणारी बाई आहे ती. मी असते तर त्याच दिवशी राजीनामा दिला असता.

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं.

सहावीतली. चार महिन्यांपूर्वी शाळेत नव्याने आलेली. आत्याने मनातल्या मनात तिचं नाव कापूस ठेवलं होतं, कारण पहिल्यांदा वजनकाट्यावर उभी राहिली तेव्हा काटा जेमतेम हलला होता. एकतीस किलो. ही कापूस तीन आठवड्यांपासून दर एक-दोन दिवसांनी येत होती. तक्रार एकच. पोट दुखतंय. वेळही एकच.

तिसरा तास.

बहाणा ओळखण्यात आत्याचा हात कुणी धरू शकत नाही, असं तिचं स्वतःचं मत होतं. पोटावर हात ठेवायचा आणि दाबताना मुलाला भलतंच काहीतरी विचारायचं. सुट्टीत कुठे जाणार, कुत्रा आवडतो की मांजर. खरं दुखत असेल तर उत्तर मध्येच अडकतं. नाटक असेल तर पूर्ण उत्तर येतं, वर कुत्र्याचं नावही कळतं.

नाटक निघालं की बरणीतली एक पांढरी गोळी द्यायची. निव्वळ साखर. मग पाठीवर हात आणि "पळ वर्गात." आत्या आणि मावशी त्या बरणीला आपसात 'वर्गात-जा गोळी' म्हणायच्या. त्या दोघींशिवाय हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. वहीत अशा मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने एक बारीक गोल. म्हणजे काही नाही, परत पाठवलं.

कापसाच्या नावापुढे नऊ गोल झाले होते.

त्या शुक्रवारी ती आली, खिडकीच्या कॉटवर बसली. आत्याने पोट दाबलं. मऊ होतं. तिने बरणीतून गोळी काढून मुलीच्या तळहातावर ठेवली.

पडद्यामागे स्प्रिंगा वाजल्या.

मुलीने तिकडे पाहिलं. आत्यालाच दचकायला झालं, मुलीला नाही.

"सिस्टर, तो रोज येतो का?"

"कोण गं?"

"पलीकडे झोपलाय तो."

आत्याने पडद्याकडे पाहिलं. पडदा स्थिर होता.

"तिकडे कुणी नाही, बाळा."

मुलीने मूठ मिटली. गोळी तोंडात टाकली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही आत्ता कपाटाशी गेलात ना, तेव्हा तो बोलला."

"काय बोलला?"

"म्हणाला, खाऊ नकोस. ती वर्गात-जा गोळी आहे. खाल्ली की परत पाठवतात..."

 बारा वर्षं रात्रपाळी केलेली बाई स्टुलावर मटकन बसली.

तिने मुलीला वर्गात पाठवलं नाही, एवढं मात्र खरं. अकरापर्यंत तिथेच राहू दिलं.  पडद्यामागे कुणीतरी बारीक श्वास घेत होतं. आधी तो तिला जाणवला नव्हता. आता तोच ऐकू येत होता.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर आत्याने कपाटाचा खालचा कप्पा उपसला. एकोणीस वर्षांच्या वह्या. आपण काय शोधतोय ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. ती कॉट अडगळीत जाण्याआधी कोण तिच्यावर झोपायचं, एवढंच आठवत होती.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षाच्या वहीत ते सापडलं.

एकच नाव. सहावी. पोट दुखतंय. दहा पंचवीस. गोल.

पुढचं पान. तेच नाव. गोल.

पुढचं पान...

तिने मोजले. एकेचाळीस गोल. आणि मग ते नाव संपलं. वर्ष अर्धंही झालं नव्हतं.

मग तिला तो मुलगा आठवला. कान मोठे, अंगाने बारका. यायचा, काही न बोलता त्या कॉटवर चढायचा, डाव्या कुशीवर गोळा व्हायचा. तो दारात दिसला की ती आणि मावशी एकमेकींकडे बघून म्हणायच्या, "आला बघा आपला तिसरा तास." त्याच्यासमोर म्हणायच्या. तोही कसनुसा हसायचा. गोळी खायचा आणि जायचा.

एकदाही तिने त्याला विचारलं नव्हतं, की तिसऱ्याच तासाला का.

हे सांगताना आत्या थांबली.  मला म्हणाली, "पोट दाबून बघितलं गं मी. एकेचाळीस वेळा. पोटच बघत बसले."

मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दाखला घेऊन गेला तो. आई आली होती. पोरगं फाटकाच्या बाहेरच उभं राहिलं, आत पाऊल टाकेना. पुढचं नाही माहीत."

आत्याने मनाशी धरलं की तो मुलगा आता या जगात नसणार. तुम्हीही तेच धरलं असेल.

सोमवारी सकाळी ती कापसाच्या वर्गशिक्षकांना भेटली. सर भला माणूस, पण घाईतला. "ती होय? फार बोलकी आहे हो. रोज नाव फळ्यावर असतं तिचं."

आत्या चक्रावली. बोलकी? तिच्याकडे आली की त्या मुलीच्या तोंडून दोन वाक्यं निघायची मारामार.

"कुठल्या तासाला नाव असतं?"

"तिसऱ्या. स्वाध्यायाच्या."

या तासाचा शाळेला मोठा अभिमान होता. रोज चाळीस मिनिटं, शिक्षकाशिवाय. मुलांनी आपापलं आपण गणितं सोडवायची, चकार शब्द काढायचा नाही. जो बोलेल त्याचं नाव मॉनिटर फळ्यावर लिहिणार. एक शिक्षक तीन वर्गांवर मिळून, बहुतेक वेळ व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेला. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम हा तास दाखवायचे. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

आत्याने कापसाला वजनकाट्यावर उभं केलं. सत्तावीस. चार महिन्यांत चार किलो कमी. वाढीच्या वयात.

आईला फोन लावला. आई रडवेली झाली. "घरी काही बोलतच नाही हो. संध्याकाळी आल्या आल्या ताटावर तुटून पडते. नखं खाऊन खाऊन बोटं सोलवटलीत. आम्हाला वाटलं, नवीन शाळा आहे, रुळेल."

मंगळवारी कापूस आली नाही. दहा वीस झाले. पडद्यामागे कर्र झालं... आणि लगेच पुन्हा. मग पुन्हा. कुणीतरी या कुशीवरून त्या कुशीवर होत होतं. श्वास जोरजोरात येत होता.

आत्या उठली. खोलीला कुलूप न लावता जिना चढून वर गेली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती तिसऱ्या तासाला वर गेली होती.

व्हरांडा शांत. खुर्चीतले शिक्षक वह्या तपासत होते. आत्या सहावीच्या मागच्या दाराच्या काचेशी उभी राहिली.

आत चाळीस मुलं. सगळ्यांच्या माना खाली. पेन्सिली चालू. कुणी बोलत नव्हतं, कुणी मारत नव्हतं. आत्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय.

मग तिला डबा दिसला.

एक निळा डबा बाकाखालून एका हातातून दुसऱ्या हातात चालला होता. ज्याच्याकडे येई तो झाकण उघडायचा, एक घास काढायचा, झाकण लावायचा, पुढे द्यायचा. कुणी वर बघत नव्हतं. कुणी हसतही नव्हतं. रोजचं काम असल्यासारखं.

कापूस शेवटच्या बाकावर एकटी होती. डबा तिच्या पुढ्यातून गेला तेव्हा तिने हात पुढे केला. ओठ हलले. तिने बहुधा 'माझा' एवढंच म्हटलं.

समोर फळ्याशी उभ्या असलेल्या मॉनिटर मुलीने खडू उचलला. कापसाचं नाव लिहिलं. पुढे एक रेघ मारली.

थोड्या वेळाने दुसरी रेघ. तिसरी...

सात रेघा झाल्या. डबा रिकामा होऊन मालकिणीच्या बाकावर आला. ज्याने ठेवला त्याने झाकण नीट बसवून ठेवला.

मग शिक्षक खुर्चीतून उठून पुढच्या दारात आले, फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुन्हा तूच? उभी राहा."

आत्या तडक मुख्याध्यापिकांकडे गेली. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते फार काही वाटलं नाही. "मुलं आहेत, सिस्टर. थट्टामस्करी चालायचीच. मी पुढच्या बैठकीत विषय काढते. तोवर तिला वर्गात पाठवत जा. सारखं झोपून राहायची सवय लागली तर आई-वडील आपल्यालाच बोलतील."

आत्या खाली आली. तिने एक कोरा कागद घेतला आणि पाहिलेलं सगळं लिहून काढलं. तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं, किती रेघा, चार महिन्यांची चार वजनं. बैठक कधी होणार कुणास ठाऊक. तोवर मुलगी रोज उपाशी राहणार होती.

बुधवार.

दहा वीसला कापूस दारात. आत्याने पोट दाबलं नाही. वहीही उघडली नाही. आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे ठेवलं. "खा आधी."

मुलगी खाऊ लागली. पडद्यामागे कुणीतरी आडवं झालं...

दहा मिनिटांनी दारावर टकटक. वर्गाची मॉनिटर. हातात व्हरांड्यातल्या सरांची चिठ्ठी. 'विद्यार्थिनीस ताबडतोब वर्गात पाठवावे.'

कापसाचा घास तोंडातच राहिला. ती उठली. मुकाट्याने. हात फ्रॉकला पुसले आणि दाराकडे निघाली. आत्या म्हणते, मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तिने एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. माझ्याकडून काही होईल असं तिच्या मनातही नव्हतं.

आणि पडद्यामागची कॉट जोरात वाजली.

यावेळी कुणी आडवं झालं नाही. कुणीतरी उठून बसलं.

मग फरशीवर अनवाणी पावलं...

एक.

दोन.

पावलं पडद्याशी येऊन थांबली. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. आत्याने खाली पाहिलं. कापसाने पाहिलं. मॉनिटरनेही पाहिलं.

पडद्याखाली नुसती फरशी होती.

पण पडद्याला मधोमध आतून हलकासा उंचवटा आला होता. पडद्याच्या त्या बाजूने कुणीतरी कपाळ टेकवून उभं असावं तसा. सहावीतल्या मुलाच्या उंचीवर.

कुणी श्वास घेत नव्हतं. ना आत, ना बाहेर.

आत्याने चिठ्ठी घेतली.  चिठ्ठीच्या मागे तिने लिहिलं, 'पाठवणार नाही.' आणि खाली सही केली. मग मोठ्याने म्हणाली. कुणाला उद्देशून ते तिला आजही सांगता येत नाही.

"आज इथून कुणीही वर्गात जाणार नाही."

पडद्यामागून एक श्वास सुटला... लांब. फार वेळ धरून ठेवलेला.

उंचवटा गेला. कपडा सरळ झाला.

मॉनिटर मुलगी भिंतीला टेकली आणि ओठ चावून रडायला लागली. "सिस्टर, मी काही केलं नाही. मी तिला कधी हातसुद्धा लावला नाही. मी फक्त नाव लिहिते."

"लिहायला कोण सांगतं?"

तिने तीन नावं सांगितली. मग म्हणाली, "नाही लिहिलं तर माझा डबा फिरवतील."

आत्याने तिला जवळ घेतलं. रागावली नाही. दोघींना एका कॉटवर बसवलं आणि मावशींना मोठ्या बाईंकडे पिटाळलं. "म्हणावं, बैठक आत्ता इथेच आहे. या."

मोठ्या बाई आल्या. मॉनिटरच्या तोंडून ऐकलं, आत्याचा कागद वाचला, वजनं पाहिली. थट्टा म्हणून सोडून देता येईल असं त्यात काही उरलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला.

पुढचं सोपं झालं असं समजू नका. मोठ्या बाईंना वाटत होतं, सगळ्या वर्गाला उभं करावं, त्या तिघांना माफी मागायला लावावी, हात मिळवावेत, संपलं. आत्या आडवी आली. "तिला पुन्हा चाळीस जणांसमोर उभं करू नका. एकेकाला वेगळं बोलवा. जे करतात त्यांना, आणि जे बघतात त्यांनाही." त्यात आठवडा गेला. एका मुलाचे वडील तावातावाने आले, आमचा मुलगा असला नाहीच म्हणाले. कागद वाचून खुर्चीत बसले.

फळ्यावर नावं लिहिणं बंद झालं. प्रत्येक वर्गात एक शिक्षक बसू लागला. आत्याच्या खोलीत यायला चिठ्ठी लागणार नाही, असं ठरलं. पंधरा दिवसांनी कुणीतरी कापसाचे बूट पाण्याच्या टाकीमागे लपवले. पण यावेळी बाजूच्या बाकावरची मुलगी स्वतः उठून सरांना सांगायला गेली. वर्ष संपताना काटा तेहतीसवर होता.

गोष्ट इथे संपायला हवी होती. आत्यालाही तसंच वाटलं होतं. वाटलं, त्या बिचाऱ्याला हेच हवं असेल, आता त्याला शांती मिळाली.

पण त्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी दहा वीसला स्प्रिंगा वाजल्या होत्या.

शुक्रवारीही...

मग तिने दाखल्यांच्या जुन्या फायलीतून त्याचा पत्ता शोधला. त्याच्या आईच्या नावाने पत्र टाकलं. दुःख वाटतं, उशीर झाला, क्षमा मागायची आहे, असं काहीबाही. खाली खोलीतला फोन नंबर. उत्तराची अपेक्षा नव्हती.

तीन आठवड्यांनी फोन वाजला. पुरुषाचा आवाज. शांत, जरा दमलेला.

"सिस्टर का? तुमचं पत्र आईने माझ्याकडे पाठवलं."

आत्याने नाव विचारलं. त्याने सांगितलं.

वहीतलं नाव. एकेचाळीस गोलवालं.

 तोच म्हणाला, "तुम्हाला वाटलं, मी गेलो?" आणि थोडं हसला. तसाच, कसनुसा.

तो जिवंत होता. अठ्ठावीस वर्षांचा. दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत होता. सगळं ठीक होतं. नोकरी होती, खोली होती. मित्र नव्हते फारसे.

"एकच त्रास आहे," तो म्हणाला. "दहा वीस झाले की पोट दुखतं. रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघत नाही. मालक समजूतदार आहे. मागच्या खोलीत जाऊन जरा पडतो. डाव्या कुशीवर. अकराला थांबतं."

आत्याने घड्याळाकडे पाहिलं.

दहा अठ्ठावीस.

"आत्ता तुम्ही कुठे आहात?" तिने विचारलं.

"मागच्या खोलीत. पडलोय."

पडद्यामागे कुणीतरी कूस बदलली...

कर्र.

  आत्याला वाटलं, फोन कट झाला.

मग तो अगदी हळू म्हणाला, "ती कॉट अजून आहे?"

"हो."

"कोण आहे तिच्यावर?"

आत्याने मान वळवली. पडदा अर्धा उघडा होता. चादरीत खळगा होता.

"दिसत तर कुणी नाही," ती म्हणाली.

"हं."  आणि मग त्याचा आवाज बदलला. आत्या शपथेवर सांगते, तो अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाचा आवाज नव्हता.

"सिस्टर, त्याला वर्गात पाठवू नका..."

आत्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. जाताना तिने नव्या नर्सला सगळं समजावलं. चिठ्ठी मागू नका, तिसऱ्याच तासाला का ते विचारा, आणि भिंतीकडची कॉट हलवू नका. नवी नर्स चांगली आहे म्हणे, पण कॉटचं ऐकून हसली. तो अजून कधीमधी फोन करतो. आता आत्याच्या घरी. डॉक्टर बदललाय, नुसतं पोट न दाबता बोलणारा डॉक्टर मिळालाय. दुखणं थोडं कमी आहे म्हणतो. पूर्ण नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर आत्याने मला सरळ विचारलं, "तुझ्या वर्गात होतं का गं असं कुणी?"

मी म्हटलं, नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग चहा ठेवायला उठली.

होती एक. आठवीत. तिच्या चालण्याची आम्ही नक्कल करायचो. मी नाही, बाकीच्या. मी नुसती हसायचे. एक दिवस ती यायची बंद झाली आणि कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. गेल्या महिन्यात मी तिला इंटरनेटवर शोधलं आणि ती सापडली. फोटोत चांगली दिसते. मांडीवर लहान मूल आहे.

तीन वेळा निरोप लिहिला आणि तीन वेळा खोडला. तिला विचारायचं एवढंच आहे, की तिचं कुठे दुखतं का, आणि किती वाजता. पण ती हो म्हणाली तर मी काय करू, ते मला माहीत नाही.

आमची ती शाळा अजून आहे. तिच्यावरून माझा रोजचा रस्ता जातो. मी हल्ली दुसऱ्या रस्त्याने जाते.